घराची पारख आणि इंदापूरची पाहणी

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिचा अर्थ आपण सहसा खर्चाच्या अंगाने लावतो. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला या म्हणीत आणखी एक गोष्ट दिसते. म्हण घर बांधण्याविषयी बोलते. घर विकत घेण्याविषयी ती काहीच बोलत नाही. ज्या समाजात ती रूढ झाली, त्या समाजात बहुतेक माणसे आपले घर आपल्या डोळ्यांदेखत बांधून घेत. पाया किती खणला, मुरूम किती हातांवर लागला, तुळई सागाची की बाभळीची, भिंतीत चुना किती आणि माती किती, हे सारे घरधन्याला ठाऊक असे. घर दुबळे असले तर ते कोठे दुबळे आहे, हेही त्याला ठाऊक असे.

आज बारामतीत किंवा इंदापुरात तयार घर घेणाऱ्या माणसाची स्थिती याच्या अगदी उलट आहे. तो आयुष्याची पुंजी ओततो, वर वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेतो. आणि ज्या वस्तूसाठी हे करतो तिच्या पोटात काय आहे, हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्याला आपल्याकडे कृतघ्न म्हणतात. परंतु घेण्यापूर्वी घराचे वासे मोजणे हा कृतघ्नपणा नव्हे, ते शहाणपण आहे. प्रश्न इतकाच, की ते मोजायचे कोणी?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना फार दूर जाण्याचे कारण नाही. घेण्यादेण्याच्या वस्तूची त्रयस्थ माणसाकडून पाहणी कशी करावी आणि ती कशी बिघडते, याचा एक मोठा प्रयोग याच इंदापूर तालुक्यात १८३५ नंतर झाला. तो घरांविषयी नव्हता, जमिनीविषयी होता. पण त्यातून निघणारा धडा घराला जसाच्या तसा लागू पडतो.

कोणतेही घर घेताना तीन गोष्टी तपासाव्या लागतात : ते कोणाचे आहे, ते कसल्या जमिनीवर उभे आहे, आणि ते कसे बांधले आहे. पहिली मालकीची परीक्षा, दुसरी भूमीची, तिसरी बांधणीची. आपल्या इतिहासात या तिन्ही परीक्षांचे नशीब सारखे नाही.

मालकीची परीक्षा आपल्याकडे सर्वांत जुनी आणि सर्वांत पक्की. मराठेशाहीतील खरेदीखते, मिरासपत्रे आणि महजर चाळले, तर त्यांची घडण ध्यानात येते. जागेची चतुःसीमा सांगितलेली असते. पूर्वेस कोणाचे घर, पश्चिमेस कोणती वाट, हे नाव घेऊन लिहिलेले असते. पाटील, कुळकर्णी, शेजारी आणि बलुतेदार यांच्या साक्षी असतात. कुणब्याच्या नावापुढे निशाणी म्हणून नांगर काढलेला असतो. पुढे कोणी भाऊबंद हक्क सांगत आला तर त्याचे निवारण विकणाऱ्याने करावे, अशी हमी लिहून घेतलेली असते. पेशवाईत पुणे शहरात घरे व जागा यांच्या खरेदीविक्रीचे कागद करण्याचे काम कोतवालाकडे होते. म्हणजे व्यवहार गोताच्या किंवा सरकारच्या डोळ्यांसमोर होत असे. साक्षीदारांना त्या व्यवहारात नफा नव्हता आणि खोटी साक्ष दिल्यास गावात तोंड दाखवायला जागा उरत नसे. या साक्षीचे खरे बळ येथे होते.

पण या कागदांत एक गोष्ट सहसा आढळत नाही. भिंत सरळ आहे की कलली आहे, आढ्याला वाळवी आहे काय, याविषयी ते मुके असतात. गोताची साक्ष हक्काची होती, घराच्या प्रकृतीची नव्हती. गावातले घर गावातलाच माणूस घेणार. त्याने ते घर रोज पाहिलेले असणार. तेव्हा त्याला वेगळ्या पाहणीची गरज वाटली नसावी.

भूमीच्या परीक्षेचे ज्ञानही जुने आहे. वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ आणि पिकाच्या जमिनीला ‘काळी’ म्हणण्याची आपली रीत सर्वांना माहीत आहे. हा भेद गावकारभाराचा खरा. तथापि त्यात बांधकामाचे शहाणपणही आपोआप सांभाळले गेले. काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि वाळली की हातहात भेगाळते. तिच्यावर उथळ पायाचे घर उभे केले, तर दर पावसाळ्यात ते उचलले जाते आणि दर उन्हाळ्यात खचते. भिंतीत कोपऱ्यापासून तिरप्या चिरा पडतात, चौकटी वाकड्या होतात, दारे लागेनाशी होतात. म्हणून आपले गवंडी मुरूम लागेपर्यंत पाया खणीत. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त तर भूमीची एक साधी कसोटीच दिली आहे. हातभर खड्डा खणावा आणि निघालेली माती पुन्हा त्यातच भरावी. माती उरली तर भूमी उत्तम, बरोबर झाली तर मध्यम, कमी पडली तर त्याज्य. या कसोटीत आजच्या शास्त्राला पटेल असे किती आहे, हा प्रश्न वेगळा. तिच्यातील महत्त्वाची गोष्ट ही, की परीक्षकाला खणावे लागते. वरून पाहून निकाल देण्याची त्याला मुभा नाही.

आता इंदापूरकडे वळू. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि हा मुलूख कंपनी सरकारकडे गेला. सारा किती घ्यावा हे ठरवण्यासाठी प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२८ ते १८३० च्या सुमारास पुणे जिल्ह्यात मोजणी केली. प्रिंगल हा विद्वान मनुष्य होता. विलायतेत त्या काळी रिकार्डोच्या खंडसिद्धांताचा बोलबाला होता. त्यास अनुसरून त्याने शेताच्या एकूण उत्पन्नातून मशागतीचा खर्च वजा करून निव्वळ उत्पन्न काढले आणि त्याचे ५५ टक्के सरकारचे ठरवले. कागदावर यापेक्षा न्याय्य गोष्ट दिसणार नाही. परंतु प्रत्यक्ष शेतावर जाऊन मोजणी आणि प्रतबंदी करणारे कारकून हाताखालचे होते. त्यांच्या कामाची पुरेशी फेरतपासणी झाली नाही. माप चुकले, प्रत चुकली, लाचलुचपतीने कोणाची बरड जमीन चांगली ठरली तर कोणाची चांगली जमीन बरड ठरली. या आकड्यांवर सारा बसला, तो रयतेला पेलेना. थकबाकी साचली, वसुलीसाठी जुलूम झाला आणि कितीक कुणबी शेते टाकून परागंदा झाले. इंदापूर हा मुळात पर्जन्यछायेतला तालुका. त्याची दशा विशेष वाईट झाली.

१८३५ साली गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा इंजिनिअर खात्यातील लेफ्टनंट यांनी इंदापुरात हे काम नव्याने हाती घेतले. निव्वळ उत्पन्नाचा ग्रांथिक हिशेब त्यांनी बाजूस ठेवला. तालुक्यात आजवर वसूल प्रत्यक्षात किती आला, पाऊस कसा, बाजार किती लांब, हे पाहून त्यांनी एकंदर दर हलका केला आणि शेताशेताच्या मगदुराप्रमाणे तो वाटून दिला. हा दर तीस वर्षे वाढणार नाही, अशी हमी दिली. १८३६ च्या सुमारास ही पद्धत सुरू झाली आणि ओस पडलेल्या जमिनी पुन्हा लागवडीस येऊ लागल्या. पुढे मुंबई इलाख्यात जी मोजणी आणि जमाबंदी झाली तिचे मूळ या इंदापुरात आहे. आपल्या सातबाऱ्यावरचा आकार आणि गट नंबरापूर्वीचा सर्व्हे नंबर हे त्याच झाडाचे फाटे होत.

१८४७ साली गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांनी या पद्धतीचे नियम एका संयुक्त अहवालात बांधून दिले. त्यांतली प्रतबंदीची रीत मुद्दाम पाहण्यासारखी आहे. शेताचा कच्चा नकाशा काढून त्याचे सारखे भाग पाडायचे. प्रत्येक भागात माती किती खोल आहे ते पाहायचे. पावणेदोन हातांपर्यंत खोली मोजली जाई. मग मातीचा पोत ठरवायचा. उत्तम पोताची पुरेशी खोल जमीन सोळा आणे, आणि तेथून खाली उतरत्या प्रती. त्यानंतर दोष नोंदायचे : चुनखडीचे खडे आहेत काय, वाळू मिसळली आहे काय, जमीन उतरती आहे काय, ओढ्याच्या पाण्याने धुऊन जाते काय, पाणी मुरत नाही काय, खालून पाझर फुटून ओल राहते काय. प्रत्येक दोषाची खूण नकाशातल्या त्या त्या चौकोनात करायची, आणि एका दोषामागे जमिनीची प्रत एक पायरी खाली आणायची. आणि प्रतदाराने केलेल्या कामापैकी काही हिस्सा वरच्या अधिकाऱ्याने स्वतः पुन्हा तपासायचा.

श्रोतेहो, आज परदेशात घराची पाहणी करणारा तज्ज्ञ जो अहवाल देतो, त्याची घडण हीच असते. घराचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग पाहायचा, दोष त्याच्या जागी लिहायचा आणि त्याची किंमत सांगायची. प्रिंगलची पाहणी का फसली आणि तिच्यानंतरची का टिकली, याचे कारण विद्वत्तेत नव्हते. पहिल्या पाहणीत शेतावर जाणाऱ्या माणसावर कोणाचा डोळा नव्हता आणि चुकीचे फळ दुसऱ्याला भोगावे लागत होते. दुसरीत परीक्षकाचीही परीक्षा होती, आणि चुकीचे फळ सरकारने आधी भोगले होते; ओसाड तालुक्यातून सारा येत नाही, हे त्याला कळून चुकले होते.

पण याच इंदापुराने पुढे दुसरी बाजूही दाखवली. तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ साली येथे फेरजमाबंदी झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापूस महागला होता आणि एकंदर बाजार चढला होता. त्या तेजीच्या उजेडात तालुक्याची ऐपत पाहिली गेली आणि आकारणी मोठ्या प्रमाणात वाढवण्यात आली. युद्ध संपले, भाव उतरले, पण दर तेच राहिले. पुणे जिल्ह्यातील या फेरआकारणीविरुद्ध ओरड झाली; १८७० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने रयतेची बाजू मांडली. १८७४ साली सरकारनेच वाढीला मर्यादा घातली : तालुक्यामागे ३३ टक्के, गावामागे ६६ टक्के आणि एका खातेदारामागे १०० टक्के. साधने तीच, खाते तेच, कौशल्यही कमी नव्हते. फरक इतकाच, की आता पाहणाऱ्याच्या धन्याला वाढ हवी होती आणि पाहणीचा हंगाम तेजीचा होता. त्रयस्थपणा एकदा मिळवून कायमचा राहत नाही, हा इंदापूरचा दुसरा धडा.

तिसरा धडा शेजारच्या सुप्याचा. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होते. १२ मे १८७५ रोजी तेथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली, आणि ते दंगे पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. दंगेखोरांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. रोखे हाती पडले की ते जाळीत. ते रोखे कायद्याच्या दृष्टीने बहुधा निर्दोष होते. अंगठा होता, साक्ष होती. नव्हते ते एवढेच, की सही करणाऱ्याला आपण कशावर सही करतो हे समजावून सांगणारा कोणी त्रयस्थ तेथे हजर नव्हता. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने गावोगाव निबंधक नेमण्याची तजवीज केली आणि शेतकऱ्याचा दस्त त्यांच्या देखरेखीखाली लिहिला जावा असे ठरवले, ते याचसाठी. कागद निर्दोष असूनही माणूस बुडू शकतो, हे सुप्याने दाखवून दिले.

या दोन तालुक्यांत भूमीची परीक्षा आणखी अवघड झाली, तिचे कारण पाणी. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा झाला आणि १८८५ च्या सुमारास बारामतीकडे पाणी वाहू लागले. ऊस आला, पैसा आला. पण काळ्या जमिनीत पाणी साचून राहिले, तेथे खालचा क्षार वर चढला. १९१० साली पुण्याच्या शेतकी कॉलेजातील हॅरोल्ड मान आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली, इतका हा प्रश्न तेव्हाच गंभीर झाला होता. जी ओल आणि जो क्षार उसाला मारतो, तोच भिंतीला लोणा लावतो. गिलावा फुगतो, पोपडे निघतात, विटेचा भुगा होतो. रंगाचा एक हात दिला की हे सारे दोनचार महिने झाकले जाते.

गेल्या काही दशकांत दोन्ही गावे गावठाणाबाहेर पसरली. काल ज्या शेतात ऊस होता, तेथे आज बिगरशेती होऊन भूखंड पडले आहेत. कागदावर एका आदेशाने काळीची पांढरी होते. जमिनीखालची माती मात्र आदेश वाचत नाही. ती पूर्वीसारखीच फुगते आणि भेगाळते. अशा जागी पाया मुरमापर्यंत नेला आहे काय, की फुगणाऱ्या मातीसाठी तळाशी रुंद केलेले खांब घेतले आहेत, हे विचारणारा गिऱ्हाईक मला क्वचितच भेटला आहे. दिवाणखान्याची फरशी कोणती, हे मात्र सगळे विचारतात.

बांधणीची परीक्षा न केल्याची सर्वांत जबर किंमत महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मोजली. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे दगावली. तेथली कितीक घरे दगडमातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीचा जड थर असलेल्या माळवदाची होती. इंदापूरच्या जुन्या वस्तीतही माळवदी घरे आहेत. उन्हाळ्यात ती थंड राहतात, आणि पाऊस थोडा असल्याने मातीचे छप्परही निभते. पण दरवर्षी गळती बुजवताना नवी माती वर चढते आणि तुळयांवरचा भार पिढ्यान्‌पिढ्या वाढत जातो. भिंतीत दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारे लांब दगड आहेत काय, तुळईचे टोक भिंतीत कुजले आहे काय, हे जाणत्या गवंड्याला किंवा सुताराला तासाभरात सांगता येते. पण त्याला कोणी बोलावत नाही.

आता कायद्याकडे पाहू. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतर कायद्याचे ५५ वे कलम सांगते, की मालमत्तेतला किंवा मालकीतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही कळण्यासारखा नाही, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. याचा दुसरा अर्थ असा, की साधारण काळजीने कळण्यासारखा दोष घेणाऱ्यानेच पाहून घ्यायचा आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याने दस्त नोंदवला जातो. पण निबंधक भिंत पाहायला जात नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने मोठी सुधारणा केली : ताबा दिल्यापासून पाच वर्षांत रचनेचा किंवा कारागिरीचा दोष दाखवला, तर विकासकाने तीस दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करावयाचा. महाराष्ट्रात २०१७ पासून त्यासाठी महारेरा हे प्राधिकरण आहे. परंतु ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पांना नोंदणीची सक्ती नाही, आणि जुने घर मालकाकडून घेणाऱ्याला या तरतुदीचा आधार नाही. तालुक्याच्या गावी तर छोटी बांधकामे आणि जुनी घरेच पुष्कळ असतात.

‘बँकेचा माणूस पाहून गेला आहे’ हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. तो माणूस बँकेसाठी आलेला असतो. कर्ज बुडाले तर घर विकून किती येतील, हे त्याला पाहायचे असते. ब्रिटनमध्ये याचा एक बोधप्रद खटला झाला. एका बाईने कर्ज देणाऱ्या संस्थेच्या मूल्यमापकाच्या अहवालावर भिस्त ठेवून घर घेतले. त्या घरात धुराड्याचा खालचा आधार पूर्वीच काढून टाकला होता आणि वरचे धुराडे अधांतरी राहिले होते. ते मूल्यमापकाच्या ध्यानात आले नाही. पुढे धुराडे छत फोडून खाली आले. ‘स्मिथ विरुद्ध बुश’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८९ साली मूल्यमापकाला घेणाऱ्याप्रतही जबाबदार धरले. न्याय मिळाला खरा, पण धुराडे कोसळल्यावर. अमेरिकेत घेणाऱ्याच्या पैशाने घेणाऱ्यासाठीच पाहणी करणाऱ्यांचा वेगळा पेशा उभा राहिला. त्यांची राष्ट्रीय संस्था १९७६ साली स्थापन झाली. तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे घर घेताना अशा निरीक्षकाला बोलावणे ही सर्वसाधारण गोष्ट समजतात. आपल्याकडे कायद्याने घडवलेला असा वेगळा पेशा नाही. पण रचनेचे जाणकार अभियंते आहेत, आणि अनुभवी गवंडी व सुतार आहेत. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत तर पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीची दर तीन वर्षांनी संरचना तपासणी सांगितली आहे. सदनिका घेणाऱ्याने तो अहवाल मागितला पाहिजे.

मग घेणाऱ्याने करावे काय? वकिलाला दस्तांचा शोध घेण्यास आपण आनंदाने पैसे देतो; तीस वर्षांचा शोध घेतल्यावाचून व्यवहार करू नये, हे आता सर्वांना पटले आहे. हा गोताच्या साक्षीचा वारसा आहे. त्याच्या जोडीला इंदापूरच्या प्रतदाराचा वारसा हवा. परीक्षक असा निवडावा, की ज्याला व्यवहार झाला काय आणि मोडला काय, मिळणारे पैसे तेवढेच. दलालाने सुचवलेला नको आणि विकणाऱ्याच्या ओळखीचाही नको. त्याने दुरून पाहू नये. जोत्याशी वाकावे, गच्चीवर चढावे, स्लॅब ठोकून पाहावा, गंजलेली सळई दिसते का ते बघावे, शेजारच्या विहिरीत पाणी किती वर आहे ते विचारावे. त्याने दोष तोंडी सांगू नयेत; खोली-खोलीवार लिहून द्यावेत. आणि त्याच्या कागदावर शंका आली, तर दुसऱ्याकडून तो तपासून घ्यावा.

या खर्चाला पुष्कळ लोक कुरकुरतात. प्रिंगलच्या काळी फेरतपासणीचा खर्च वाचला आणि तालुका ओस पडला, एवढे त्यांनी ध्यानात ठेवावे.

शेवटी एक गोष्ट हंगामाची. आपल्याकडे घरांचे व्यवहार अक्षय्य तृतीयेच्या आसपास पुष्कळ होतात. त्या दिवसांत भिंती कोरड्या ठणठणीत असतात, रंग ताजा असतो आणि प्रत्येक घर सोळा आणे दिसते. इंदापूर-बारामतीकडे खरा पाऊस कितीदा परतीच्या वाटेवर, भाद्रपद-आश्विनात येतो, आणि काही वर्षी तोही चुकवतो. तेजीच्या वर्षी तालुका पाहून दर ठरवणाऱ्यांची जी फसगत झाली, तीच वैशाखात घर पाहून बयाणा देणाऱ्याची होते. म्हणून शक्य असेल त्याने एक पावसाळा थांबावे. थांबणे शक्य नसेल, तर शेजाऱ्याचे दार वाजवून गेल्या आश्विनात या घराच्या भिंतीला ओल किती चढली होती, एवढे तरी विचारावे. पूर्वी गावची साक्ष अशीच घेत असत.